फोटो तिचा, प्रदर्शन कोणाचे?

डिसेंबरची पहिली तारीख जवळ आली की आमच्याकडे ठरलेला निरोप येतो. "ताई, एड्स दिनाचं प्रदर्शन करतोय. दोन-तीन बाधित महिलांचे फोटो मिळतील का? चेहरा दिसला तर बरं. लोकांवर परिणाम होतो." लोकांवर होत असेलही. त्या बाईवर काय परिणाम होतो, हा प्रश्न निरोपात नसतो.

हे बाहेरच्यांबद्दल लिहिते आहे असे समजू नका. चार वर्षांपूर्वी श्रीरामपुरात आम्हीच असे प्रदर्शन करायला निघालो होतो. एस.टी. स्टँडवर सहा बायकांचे मोठे फोटो, खाली त्यांचे शब्द. पाचजणी तयार झाल्या. (किती मनापासून, कोण जाणे. गोळ्या आणायला दवाखान्यात सोबत येणाऱ्या ताईला नाही म्हणणे सोपे नसते.) सहावी उसात खुरपणीला जाणारी, नवरा जाऊन अकरा वर्षे झालेली. ती म्हणाली, "मुंबईत लावा खुशाल. दिल्लीत लावा. पन हितं नको. हितं माझी पोरगी कॉलेजला जाती." त्यावर आमच्यातलीच एक म्हणाली, "अशी भीती बाळगली तर कलंक जाणार कधी?" मीही मान डोलावली. त्याची मला आज लाज वाटते.

कलंक जावा म्हणून किंमत कोणी मोजायची? आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांना हा विषाणू लग्नातून मिळाला. म्हणजे आजार नवऱ्याकडून, औषधपाणी नवऱ्याचे तिनेच केले, तो गेल्यावर पांढऱ्या पायाची ठरली तीच, आणि आता समाजाच्या शिक्षणासाठी चौकात उभे राहायचे तेही तिनेच! जिने तिचे ताट-तांब्या वेगळे केले त्या सासूचा फोटो प्रदर्शनात नसतो. शेतातला वाटा द्यायला नको म्हणून आजाराचे निमित्त करून तिला माहेरी धाडणाऱ्या दिराचा नसतो. खरे तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बाधित व्यक्तीला राहत्या सामाईक घरातून बाहेर काढता येत नाही. कायदा मोडला कोणी आणि फलकावर कोण?

एड्सच्या फोटोंचे हे भांडण जुने आहे. १९८८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये निकोलस निक्सन यांनी काढलेली रुग्णांची छायाचित्रे लागली, तेव्हा ॲक्ट अप या गटाच्या कार्यकर्त्यांनी तिथेच पत्रके वाटून निषेध केला. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्हाला नुसते झिजताना, मरताना दाखवता, आम्ही जगतो, चिडतो, लढतो, ते कुठे आहे? आपल्या वर्तमानपत्रांनी दुसरा मार्ग काढला. डोळ्यांवर काळी पट्टी, नाहीतर पाठमोरी बाई, डोक्यावर पदर. ओळख लपली, पण ती दिसू लागली चोरी करताना पकडल्यासारखी. हाडांचा सापळा किंवा गुन्हेगार, यापलीकडे आपल्या नजरेला काही सुचलेच नाही. आणि हे चित्र आता खोटेही आहे. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीच्या गोळ्या मोफत मिळू लागल्या. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. आमची खुरपणीवाली दिवसभर वाफ्यात वाकून रोज कमावते. तिचा फोटो बघून कोणाला दया येणार नाही. म्हणूनच तो प्रदर्शनवाल्यांना नको असतो.

गिडियन मेंडेल या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराने १९९३ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या एड्स वॉर्डातली माणसे टिपली. पुढे त्यानेच 'थ्रू पॉझिटिव्ह आइज' या प्रकल्पात कॅमेरा बाधितांच्याच हातात दिला. जगातल्या अनेक शहरांत हे झाले, त्यांत मुंबईही होती. आपले घर, आपली माणसे, स्वतःचे शरीर, काय टिपायचे ते त्यांनीच ठरवले. हा बदल मला मोलाचा वाटतो. पण मुंबई म्हणजे श्रीरामपूर नव्हे. इथे मेन रोडवर शंभर पावले चालेपर्यंत तीन ओळखीचे भेटतात. आणि आता तर 'मुंबईत लावा' ही अटही पाळता येत नाही. सकाळी मुंबईत लागलेला फोटो संध्याकाळी व्हॉट्सॲपवर तिच्या वाडीत पोचतो. मग तिने सही केली ती नेमकी कशासाठी?

चेहरा न दाखवणे म्हणजे भित्रेपणा, हा समज आपण टाकून द्यावा. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, नोकरी नाकारलेल्या एका बाधित कामगाराला नाव न उघडता दाद मागू दिली आणि काम करायला समर्थ असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर ठेवता येणार नाही, असा निकाल दिला. फोटो नाही, नाव नाही, लढाई मात्र सगळ्यांसाठी जिंकली. उलट गोव्याचे डॉमिनिक डिसूझा. त्यांनी रक्तदान केले होते. १९८९ साली पोलिसांनी त्यांना उचलले, ६४ दिवस एकटे कोंडले. गावभर बोभाटा झाला तो त्यांना न विचारता. पुढे ते उघडपणे उभे राहिले, संघटना काढली, हे त्यांचे धैर्य. पण आधी त्यांची ओळख हिसकावली गेली, हे विसरून त्यांचे उदाहरण बायकांना देऊ नये.

म्हणजे फोटो काढूच नयेत का? काढावेत. पण पोरीचे लग्न ठरले, आजच्या आज उतरवा, असे तिने म्हटले तर कारण न विचारता उतरवावा लागेल. नकार दिला म्हणून गोळ्या, अनुदानाचा अर्ज, बैठक यांत फरक पडता कामा नये, आणि हे तिला आधी सांगितले पाहिजे. फोटो मागायला जाणारी व्यक्ती गोळ्या मिळवून देणारी नसावी. आणि छापील प्रत पहिल्यांदा तिच्या हातात पडावी. ते प्रदर्शन आम्ही शेवटी केले नाही. सहावीने मात्र नंतर एक मागणी केली. "ताई, माझा एक चांगला फोटो काढा. मोठा करून द्या. भिंतीवर नुसता त्यांचाच हाय, हार घातलेला." तो आम्ही काढला, इरकली लुगड्यात, खुर्चीवर बसलेली. तो तिच्या घरात आहे.

यंदा निरोप येतील त्यांना आम्ही या अटी लेखी पाठवणार आहोत. ज्या गटांना हव्या असतील त्यांनी मागवून घ्याव्यात, आणि कमी वाटल्या तर भर घालून परत पाठवाव्यात.