सावड दवाखान्यापर्यंत पोचावी



सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ऊब आणि आईचं दूध लागतं. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरी काचेच्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी अशी बाळं आईच्या उघड्या छातीशी धरायला लावली. ती रीत आज जगभर मान्य आहे. म्हणजे औषधाइतकीच आई जवळ हवी. पण ती साताऱ्याला नाहीतर मिरजेला दवाखान्यात राहिली, तर घरी धार कोण काढणार? उसाच्या पाण्याच्या पाळीला कोण जाणार?

आमच्या नातीच्या वेळी हे सारं भावकीनं आणि शेजाऱ्यांनी केलं. एक दिवस डबा चुकला नाही. त्यांचे आम्ही ऋणी आहोत.

मात्र हे ऋण नुसते आभार मानून फिटायचं नाही. आपला ऊस तोडायला बीडहून आलेल्या बाईचं मूल अवेळी झालं, तर तिला इथं ना भावकी, ना शेजार. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार २०११ च्या योजनेपासून मोफत आहे. पण डबा पोचवायला, कोपीवरची थोरली पोरं सांभाळायला माणूस लागतो. ते माणूस आपणच व्हावं. सावड अशीच फेडायची असते, असं आमचं मत आहे.