दगडापेक्षा वीट मऊ

निवडणूक म्हणजे लोकांची पसंती, असे नागरिकशास्त्राचे पुस्तक आपल्याला शिकवते. परंतु ज्या देशाने जगाला संसदीय लोकशाही शिकवली असे म्हटले जाते, त्या ब्रिटनमधील गेल्या काही निवडणुकांचे निकाल पाहिले तर हे वाक्य दुरुस्त करावे लागेल, असे वाटते. तेथील मतदार मतपत्रिकेवर फुली मारताना 'मला कोण हवे' यापेक्षा 'मला कोण नको' याचाच विचार अधिक करू लागला आहे. आवडता उमेदवार जिंकणार नाही हे ठाऊक असल्याने, नावडत्याला पाडू शकेल अशा दुसऱ्याच उमेदवाराला मत द्यायचे, या प्रकाराला तिकडे 'टॅक्टिकल व्होटिंग' म्हणतात. आपल्या मराठीत त्यासाठी तीन शब्दांची म्हण शतकानुशतके तयार आहे : दगडापेक्षा वीट मऊ!

दि. ४ जुलै २०२४ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीचे आकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मते मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. म्हणजे एक तृतीयांश मतांवर जवळजवळ दोन तृतीयांश सभागृह. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, २०१९ साली याच पक्षाला एक कोटीहून अधिक मते मिळाली होती, तेव्हा जागा आल्या २०२ आणि पराभव 'ऐतिहासिक' ठरला. २०२४ साली मते ९७ लाखांवर उतरली आणि विजय 'ऐतिहासिक' ठरला! भारतात २०१४ साली भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या, तेव्हा 'एकोणसत्तर टक्के जनता विरोधात आहे' असा हिशेब आपल्याकडील विचारवंत वर्षानुवर्षे मांडत होते. लंडनच्या निकालानंतर त्यांची ही अंकगणिताची वही कपाटातच राहिली, हे नमूद करायला हवे.

हे घडते कसे? ब्रिटनमध्ये प्रत्येक मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, इतका साधा नियम आहे. निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट नाही. हीच पद्धत आपणही स्वीकारली. दोनच पक्ष असतील तर ती ठीक चालते. तिसरा, चौथा, पाचवा पक्ष मैदानात उतरला की मते फुटतात आणि तीस टक्क्यांचा धनी शंभर टक्क्यांचा राजा होतो. १९८३ साली लिबरल आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षांच्या आघाडीला २५.४ टक्के मते मिळाली, जागा मात्र २३. मजूर पक्षाला २७.६ टक्के मते, जागा २०९. दोन टक्क्यांच्या फरकाने १८६ जागांचे अंतर पडले. विखुरलेल्या मतांना या पद्धतीत किंमत नाही, एकवटलेल्या मतांना आहे, हा धडा तेथील छोट्या पक्षांनी त्या वर्षी घेतला.

धडा घेतल्याचे फळ १९९७ साली दिसले. लिबरल डेमोक्रॅट पक्षाची मते १९९२ च्या तुलनेत एका टक्क्याने घटली, पण जागा २० वरून ४६ वर गेल्या. हुजूर पक्षाच्या दीर्घ राजवटीला कंटाळलेल्या मजूर पक्षाच्या मतदाराने, जेथे आपला उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर आहे तेथे लिबरल डेमोक्रॅटला मत दिले आणि तिकडच्या मतदाराने इतरत्र त्याची परतफेड केली. टॅटन मतदारसंघात तर दोन्ही पक्षांनी आपले उमेदवार मागे घेतले आणि बीबीसीचे माजी वार्ताहर मार्टिन बेल हे अपक्ष म्हणून अकरा हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. २०२४ साली हाच खेळ अधिक सफाईने खेळला गेला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाची मते साधारण बारा टक्क्यांच्या आसपासच राहिली, पण जागा ११ वरून ७२ वर पोहोचल्या. उलट रिफॉर्म पक्षाला त्याहून अधिक, १४.३ टक्के मते मिळाली, आणि जागा आल्या पाच. एकाची मते मोक्याच्या जागी पडली, दुसऱ्याची देशभर सांडली.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. आपल्याकडे युती म्हटली की नेत्यांच्या बैठका, जागावाटपाचा घोळ, बंडखोरी आणि 'मैत्रीपूर्ण लढती' डोळ्यांपुढे येतात. ब्रिटनमध्ये मोठे पक्ष उघड जागावाटप करीत नाहीत. तसे करणे तेथे कमीपणाचे मानले जाते. मग करायचे काय? प्रचारातून अंग काढून घ्यायचे! दि. २३ जून २०२२ रोजी दोन पोटनिवडणुका झाल्या. वेकफील्डमध्ये मजूर पक्ष जिंकला आणि लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली. टिव्हर्टन-हॉनिटनमध्ये लिबरल डेमोक्रॅट जिंकला आणि मजूर पक्षाच्या उमेदवाराची अनामत गेली. करारपत्र नाही, संयुक्त सभा नाही, छायाचित्र नाही. तरीही हुजूर पक्षाच्या दोन्ही जागा गेल्या. नेते जे बोलू शकले नाहीत ते मतदाराने ऐकले.

उघड युतीचे प्रयोग झाले नाहीत असे नाही, पण त्यांचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. २०१९ साली ब्रेक्झिटला विरोध करणाऱ्या तीन पक्षांनी ६० मतदारसंघांत एकमेकांसाठी जागा सोडल्या. त्यातून विशेष काही हाती लागले नाही आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःच १४९ मतांनी पराभूत झाल्या. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला नायजेल फराज यांच्या ब्रेक्झिट पक्षाने, हुजूर पक्षाने आधी जिंकलेल्या ३१७ जागांवर उमेदवार न देण्याचे जाहीर केले. एकतर्फी माघारीने बोरिस जॉन्सन यांचा मार्ग सोपा केला आणि ३६५ जागांचे बहुमत आले.

मागे जाऊन पाहिले तर याहून बोलका दाखला सापडतो. १९०३ साली लिबरल पक्षाच्या हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी नवजात मजूर चळवळीच्या रॅमसे मॅक्डोनाल्ड यांच्याशी गुप्त समझोता केला आणि काही जागा सोडल्या. १९०६ च्या निवडणुकीत मजुरांचे २९ प्रतिनिधी सभागृहात पोहोचले. लिबरलांना वाटले, एक धाकटा भाऊ मिळाला. १९२४ च्या जानेवारीत तोच मॅक्डोनाल्ड पंतप्रधान झाला आणि त्याच वर्षअखेरच्या निवडणुकीत लिबरल पक्ष ४० जागांवर येऊन ठेपला. पुढे त्या पक्षाला स्वबळावर सत्ता कधी मिळालीच नाही. ज्याने ओसरी दिली, त्याचेच घर गेले. युतीच्या राजकारणात मोठ्या भावाच्या भूमिकेत मिरवणाऱ्या आपल्याकडील पक्षांनी ही कथा भिंतीवर लावून ठेवावी.

या साऱ्यात ब्रिटनमधील हिंदू समाजाचे स्थान काय, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये हिंदूंची संख्या सुमारे दहा लाख, म्हणजे १.७ टक्के आहे. संख्या अल्प, पण लेस्टर, हॅरो, ब्रेंट अशा काही ठिकाणी एकवटलेली. २०१९ साली मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरमध्ये आंतरराष्ट्रीय निरीक्षक पाठवण्याची मागणी करणारा ठराव झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या पक्षाला मत देणाऱ्या भारतीय वंशाच्या कुटुंबांत अस्वस्थता पसरली. पक्षाला नंतर पत्रक काढून सारवासारव करावी लागली. हॅरो ईस्टमध्ये भारताचे मित्र म्हणून ओळखले जाणारे बॉब ब्लॅकमन यांनी २०२४ च्या पडझडीतही निम्म्याहून अधिक मते मिळवली. त्या वर्षी हुजूर पक्षाच्या अन्य कोणत्याही उमेदवाराला हे जमले नाही.

लेस्टर ईस्टचा निकाल तर आपल्याकडे पेढे वाटण्याइतका आनंदाचा ठरला. १९८७ पासून मजूर पक्षाकडे असलेली ही जागा शिवानी राजा यांनी हुजूर पक्षाला मिळवून दिली आणि भगवद्गीता हाती घेऊन खासदारकीची शपथ घेतली. २०२४ साली हुजूर पक्षाने प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेली ती एकमेव जागा. आनंद रास्तच आहे. पण आनंदात गणित विसरू नये. शिवानी राजा यांना साधारण साडेचौदा हजार, म्हणजे सुमारे ३१ टक्के मते मिळाली. समोर मजूर पक्षाचा अधिकृत उमेदवार होता आणि त्याच पक्षाचे दोन माजी खासदारही त्याच्याविरुद्ध उभे होते. या तिघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराहून बरीच अधिक भरते. म्हणजे हा विजय समाजाच्या एकजुटीचा जितका, तितकाच विरोधकांच्या फाटाफुटीचा. पुढच्या वेळी समोरची मते एकत्र आली तर काय, याचा विचार आजच करायला हवा.

एकगठ्ठा मतदानाची धार दोन्ही बाजूंनी असते, हेही त्याच निवडणुकीने दाखवले. गाझाच्या प्रश्नावर संतप्त झालेल्या मुस्लिम मतदारांनी मजूर पक्षाला चार बालेकिल्ल्यांत अपक्षांकडून पराभूत केले. शेजारच्याच लेस्टर साउथमध्ये पक्षाचे ज्येष्ठ नेते जोनाथन ॲशवर्थ ९७९ मतांनी पडले आणि पुढे आरोग्यमंत्री झालेले वेस स्ट्रीटिंग आपली जागा कशीबशी ५२८ मतांनी राखू शकले. दूरदेशीच्या प्रश्नावर ब्रिटनमधील नगराचा प्रतिनिधी ठरावा काय, असा प्रश्न आपण येथे विचारणार असू, तर काश्मीरवरून मत ठरवणाऱ्या आपल्या बांधवांनाही तो विचारला जाणार, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. स्वाभिमानाच्या प्रश्नावर मत बदलणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण शाळा, रुग्णालये, घरे, रस्त्यावरची सुरक्षितता यांचा विचार सोडून जो समाज केवळ एका मुद्द्यावर मत देतो, त्याला पक्ष हिशेबात धरतात, विश्वासात घेत नाहीत.

या बाबतीत मुंबईने घडवलेल्या दोन माणसांची आठवण उपयोगी पडेल. दादाभाई नौरोजी १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षातर्फे बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले. तीन वर्षांनी मंचेरजी भावनगरी हे बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षातर्फे निवडून आले. दोघेही पारशी, दोघांची मते मात्र परस्परविरुद्ध. भावनगरींच्या साम्राज्यनिष्ठेशी आपण सहमत होणे शक्य नाही. पण कोणत्याही एका पक्षाने भारतीयांना आपल्या खिशातले समजू नये, ही गोष्ट त्या काळातच सिद्ध झाली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नकाराच्या मतांनी सरकार पडते, पण उभे राहते काय? मजूर पक्षाला मिळालेला तो प्रचंड कौल प्रेमाचा नव्हता, रागाचा होता. आणि राग दुसरीकडे वळायला वेळ लागत नाही. दहा महिन्यांतच, मे २०२५ मध्ये, रनकॉर्नची पोटनिवडणूक रिफॉर्म पक्षाने अवघ्या सहा मतांनी जिंकली आणि त्याच दिवशीच्या स्थानिक निवडणुकांत दहा कौन्सिलांची सत्ता घेतली. ऑक्टोबरमध्ये वेल्समधील केअरफिली येथे विधिमंडळाच्या पोटनिवडणुकीत रिफॉर्मला रोखण्यासाठी लोक प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षामागे एकवटले आणि शंभर वर्षे हा बालेकिल्ला राखणारा मजूर पक्ष ११ टक्क्यांवर घसरला. काल ज्या शस्त्राने हुजूर पक्ष कापला गेला, तेच शस्त्र आज ते परजणाऱ्याच्या मानेवर आले!

आपल्याला हा अनुभव नवा नाही. १९७७ साली आणीबाणीच्या रागातून जनता पक्ष सत्तेवर आला. जनसंघाने त्यात स्वतःला विसर्जित केले. हुकूमशाही हटवणे हे ध्येय पवित्रच होते. पण ते साध्य झाल्यावर एकत्र राहण्यासाठी दुसरे सूत्र उरले नाही, दुहेरी सदस्यत्वाचा वाद उकरला गेला आणि १९७९ साली सरकार कोसळले. नकाराची बेरीज सत्तांतर घडवते, राज्य चालवण्यासाठी होकार लागतो. हा धडा आपण किंमत मोजून शिकलो आहोत.

पद्धतच बदलावी, असे म्हणणारे ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. पण दि. ५ मे २०११ च्या सार्वमतात पसंतीक्रमाने मतदान करण्याचा प्रस्ताव ६७.९ टक्के मतांनी फेटाळला गेला. तेव्हा नजीकच्या काळात तरी मतदाराला याच चौकटीत खेळायचे आहे. त्याला दोष देता येणार नाही. दगड आणि वीट एवढेच पुढ्यात असेल तर शहाणा माणूस वीटच उचलणार. प्रश्न मतदाराच्या शहाणपणाचा नसून पक्षांच्या दारिद्र्याचा आहे. ज्या लोकशाहीत लोकांनी मनापासून निवडावे असे काही उरत नाही, तेथे निवडणूक दर पाच वर्षांनी येणारी शिक्षा होऊन बसते. कधी याला, कधी त्याला. विटा उचलता येतात, फेकताही येतात. घर बांधायचे तर चुना लागतो. तो चुना म्हणजे विचार. तो ज्याच्याकडे असेल, त्याला 'दुसरा वाईट म्हणून मला मत द्या' असे सांगत दारोदार फिरावे लागणार नाही.