औषधाची किंमत जाणण्याचा हक्क



आजऱ्याच्या काजू कारखान्यात राबणारी माता मुलासाठी औषध घेते, तेव्हा तिच्या पदरचा पैसा मोजका असतो; किंमत मात्र तिला पुडी हाती पडल्यावर कळते. कायदा तिला इतके असहाय मानीत नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशान्वये दुकानदाराने दरपत्रक दर्शनी जागी लावले पाहिजे. दरपत्रक व वेष्टन यांवरील किमतींत फरक असल्यास कमी असेल तीच घ्यावयाची. पट्टी कापून चार गोळ्या दिल्यास चारांचेच पैसे.

परंतु एवढ्याने न्याय होतो काय? सरकार कमाल किंमत बांधते ती अनुसूचीतील औषधांची. इतर बहुतेक औषधांची किंमत कंपनीच ठरविते; वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, एवढेच बंधन. तेव्हा छापील किंमत कायदेशीर असली तरी वाजवी असेलच असे नाही. तेच औषध मूळ नावाने स्वस्त मिळत असेल, तर ते विक्रीपूर्वी सांगण्याचे बंधन डॉक्टर व दुकानदार या दोघांवरही कायद्याने घातले पाहिजे.

तोवर आपण दर विचारावा आणि पावती घेतल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये. पावतीवाचून तक्रार टिकणे कठीण, हे वकील या नात्याने सांगतो.