येळवस विकायची नाही

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर घरी नसतं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर शुकशुकाट होतो आणि अख्खं शहर आंबिलाचं बिंदगं सांभाळत रानाच्या वाटेला लागतं. पंचांग या दिवसाला दर्शवेळ अमावस्या म्हणतं. लातूर-धाराशिवच्या आणि सीमेपलीकडच्या कानडी मुलखातल्या आम्हा माणसांची ती येळवस. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, उभ्या पिकावर आंबील शिंपडायची आणि मग बांधावरून जो कोणी जाईल त्याला जेवायला हाक मारायची, ही आमची रीत. ओळख विचारायची नाही. पूजा थोडी मागंपुढं झाली तर चालतं. हाक चुकलेली चालत नाही.

त्या हाकेवर आता दर लागू लागला आहे. हुरड्याची पार्टी झाली, पार्टीला माणशी तिकीट आलं, तिकिटाबरोबर बैलगाडीची फेरी आणि फोटोसाठी फेटा आला. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. कोरडवाहू शेतकऱ्यानं त्यातून दोन पैसे मिळवले तर आमची तक्रार नाही, त्याला ते हवेतच. पण वर्षाचा एक दिवस असा होता की त्या दिवशी रानात कुणीच गिऱ्हाईक नसायचं, आणि तोच दिवस विकायला निघाला आहे. दुसऱ्या बाजूला पुढाऱ्यांच्या मंडपातल्या पंगती आहेत, ज्यांत येळवसीच्या भज्जीपेक्षा फ्लेक्स मोठा असतो. त्यांच्याशी बरोबरी करायला गेलेला दोन एकरवाला शेतकरी ट्रॅक्टर, मंडप आणि आचाऱ्याच्या हिशोबात अडकतो, आणि पुढच्या वर्षी ‘औंदा नाही जमत’ म्हणून गप्प बसतो.

पण सगळा दोष तिकिटाला देऊन आम्ही मोकळे होणार नाही. येळवस महाग झाली ती पेरणीत. भज्जीत काय पडतं ते पाहा: तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वाल, हरभऱ्याचा हिरवा पाला, मेथी, कांद्याची पात, बोरं, चिंचेचा कोळ, बेसन. पूर्वी यातलं बहुतेक रानातच, ज्वारीच्या कडेनं आणि तुरीच्या पाट्यात उगवायचं. आंबिलाला पीठ घरच्या ज्वारीचं आणि ताक घरच्या गाईचं. कोपीला कडबा गंजीतला. पैसा लागायचा तो मीठ-मसाल्यापुरता. मग सोयाबीन आलं. ते यायला कारणं होती: हाती लवकर पैसा, लातूरसारखी बाजारपेठ उशाला, आणि ज्वारी उपटायला मजूर मिळेनासे झालेले. सोयाबीनवर आमच्यातल्या कित्येकांच्या लेकरांची शिक्षणं झाली, हे आम्ही नाकारत नाही. मात्र रानातून ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागं जनावरं गेली, जनावरांमागं ताक गेलं. आता येळवसीच्या आदल्या दिवशी शेतकरीच पिशवी घेऊन मंडईत उभा असतो, आणि त्या दिवशी भाजीचे भाव चढलेले असतात. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात माल त्याखाली विकला जात होता. अशा वर्षी पन्नास माणसांचं आवतन कुठल्या तोंडानं द्यायचं?

आम्ही मानतो की पाहुणचार ही पिकवायची गोष्ट आहे. ज्याच्या रानात पाच जिन्नस उगवतात त्याला शंभर माणसं जड होत नाहीत, आणि ज्याला सगळं विकत आणावं लागतं त्याला दहासुद्धा होतात. आम्ही मानतो की ज्याच्याकडं सातबारा नाही त्याचाही येळवसीवर पुरता हक्क आहे. सालगड्याचा, बटईदाराचा, शहरात भाड्यानं राहणाऱ्याचा. आणि जुन्या येळवसीतलं सगळंच आम्हाला परत नको. काही रानांत पंगत जात पाहून बसायची, काहींना ताट लांबून मिळायचं. ते गाडलेलं बरं. रात्रभर जागून उंडे आणि भाकरी थापणाऱ्या बाया सकाळी डोक्यावर ओझं घेऊन चालायच्या आणि गडी मोकळ्या हातानं पुढं, तेही बंद.

म्हणून आम्ही ज्वारी पेरणार आहोत. अख्खं रान नाही, वावराच्या कडेला चार तासं. मात्र एकट्यानं पेरलेली ज्वारी टिकत नाही, हे प्रत्येक जुन्या शेतकऱ्याला ठाऊक आहे: सगळ्या शिवारात एकाच ठिकाणी कणसं असली की पंचक्रोशीतली पाखरं तिथंच उतरतात आणि वैतागलेला माणूस पुढच्या वर्षी नाद सोडतो. पाखरांचा वाटा शिवारभर वाटला गेला तरच तो सोसतो. तेव्हा निर्णय घराचा नाही, शिवाराचा हवा. लागून असलेल्या दहा-बारा वावरांनी एकाच आठवड्यात पेरायचं, गोफण पाळीनं धरायची, काढणी सावडीनं करायची. बियाण्यासाठी दूर जायला नको. मालदांडी ज्वारी अजून काही घरांतल्या कणगीत आहे, आणि हुरड्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी वसंत’ हे वाण आहे.

आमच्या रानात येळवसीला पैसे घेतले जाणार नाहीत, फ्लेक्स लागणार नाही, आणि कुणाही पुढाऱ्यासाठी वेगळी पंगत बसणार नाही. तो आला तर मातीत, आमच्या शेजारी बसेल. भाजी निवडायला आणि भांडी घासायला गडी असतील. गावातल्या बिनजमिनीच्या प्रत्येक घराला आदल्या आठवड्यात घरी जाऊन आवतन दिलं जाईल.

आणि लातूरच्या शिकवण्यांसाठी महाराष्ट्रभरातून आलेली हजारो लेकरं त्या दिवशी वसतिगृहाच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असतात. मेस बंद, बाजार बंद. 2016 च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेनं या शहराला पाणी आलं. पाणी पाठवणाऱ्यांनी तेव्हा आमची जात, गाव काही विचारलं नव्हतं. त्यांच्याकडचीही लेकरं आता इथं असतील. प्रत्येक रानानं अशी पाच लेकरं जेवायला न्यायची, आंबील पाजायची, अंधार पडल्यावर कडब्याचा हेंडगा पेटवून त्यांच्या हाती द्यायचा आणि रानाभोवती फिरवून रात्री खोलीवर परत सोडायचं.

वाचणाऱ्या, तुझ्याकडं रान असेल तर सोयाबीन निघायच्या आत शेजारच्या बांधावर जाऊन बोल. कोण किती तासं पेरणार ते ठरव. पुण्या-मुंबईला असशील आणि गावचं रान पडीक किंवा बटईनं असेल, तर बटईदाराला फोन कर. ज्वारीच्या तासांचं बियाणं तुझं, काढणीला दोन दिवस तू स्वतः. रान नसेल तर ज्या वावरात ज्वारी दिसेल तिथं येळवसीला खुशाल ये. घरची भाकरी आणलीस तरी चालेल, नाही आणलीस तरी चालेल.