नदीवरील एक रात्र

सुटी जवळ आली की गावोगावचे तरुण होड्या वल्हवीत नदीने जाऊन काठी रात्र काढण्याचे बेत आखू लागतात, आणि आईबापांची झोप उडते. आमच्या मते असे बेत मोडू नयेत. ते नीट आखले आहेत की नाहीत, हे मात्र वडीलधाऱ्यांनी अवश्य पाहावे.

१७ मे १६७३ रोजी येशूसंघीय फादर झाक मार्केत व लुई जोलिए हे पाच सोबत्यांसह भूर्जसालीच्या दोन होड्यांतून उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या शोधार्थ निघाले. शिधा म्हणजे मका व वाळविलेले मांस. त्या नदीत शिरल्यावर ते सायंकाळी काठावर लहानशी चूल पेटवीत, जेवण आटोपताच होड्या काठापासून दूर नेऊन त्यांतच निजत, आणि एक जण पहाऱ्यास जागा राही. शत्रूचे भय होते. म्हणून ही शिस्त.

आपल्या मांडवीचे भय निराळे. येथे भरतीचे पाणी समुद्रापासून कित्येक कोस आत चढते. भरती दिवसातून दोनदा येते व रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण मोठे असते. सायंकाळी कोरडी दिसलेली वाळू मध्यरात्री पाण्याखाली जाते. म्हणून मुक्काम पाण्याच्या खुणेहून बराच उंच करावा व होड्या वर ओढून झाडाला बांधाव्यात. निघण्याची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवावी. प्रवाहाशी झगडण्यात बळ व्यर्थ जाते. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तेथे काठावर निजण्याचा विचारही नको. पावसाळ्यात तर जाऊच नये. पोहता येणाऱ्यानेही तरंगते जाकीट अंगात घातल्यावाचून होडीत पाऊल ठेवू नये. सर्वांत दुबळ्याच्या गतीने सर्वांनी चालावे.

आणखी एक गोष्ट. मार्केत व जोलिए आर्कान्सा नदीच्या मुखाजवळ पोचले, तेव्हा समुद्र थोड्याच दिवसांच्या वाटेवर आहे असा त्यांचा समज होता. तरीही आपण पकडले गेलो तर मिळविलेले सारे ज्ञान बुडेल, हे ओळखून जुलैत ते माघारी वळले. त्यांना भित्रे कोण म्हणेल?

तेव्हा, मुलांनो, निघण्यापूर्वी नदी जाणणारा एक प्रौढ नायक निवडा. तो ‘आता परत’ म्हणेल, तेव्हा कोणी हसू नये व कोणी वाद घालू नये. हे वचन द्याल, तर तुमच्या माताही त्या रात्री निजू शकतील.