बाळाचे जुलाब आणि ‘कडक’ औषध

गेल्या पावसाळ्यात एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराला दोन दिवस पातळ जुलाब होत होते. पण ताप नाही, शौचात रक्त नाही, जीभ ओली, खेळणे चालू. मी ओ.आर.एस.ची पाकिटे आणि १४ दिवसांचे झिंकचे औषध लिहून दिले. आजी चिठ्ठीकडे बघून म्हणाल्या, “डॉक्टर, एवढंच? मागच्या खेपेचं ते गुलाबी कडक औषध द्या की!”

ते गुलाबी औषध म्हणजे अँटिबायोटिक. मागच्या खेपेला ते मीच दिले होते, तेव्हा आजींचा काय दोष? लहान मुलांचे साधे जुलाब आणि सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर हे औषध चालत नाही, हे आम्ही कॉलेजातच शिकतो. तरीही दिले नाही तर पेशंट चौकातल्या दुसऱ्या दवाखान्यात जाईल, या भीतीने मी वर्षानुवर्षे ते लिहीत आलो.

आता हे मनाला जास्त लागते, ते आतड्याच्या एका चिवट आजारामुळे. मोठ्या आतड्यात व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि पचनमार्गात कुठेही होऊ शकणारा क्रोन्स ही त्याची दोन मुख्य रूपे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. वारंवार जुलाब, शौचातून रक्त, पोटदुखी, वजन घटणे. मुलांची तर उंचीही खुंटते. औषधांनी तो आटोक्यात राहतो, पण बहुधा जन्माची सोबत करतो. आम्ही याला साहेबाच्या देशातला आजार समजत असू. पण लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात लाखामागे ४४ जणांना कोलायटिस आढळला.

आईवडिलांना हा आजार असेल तर मुलाचा धोका वाढतो, त्याला इलाज नाही. मात्र सगळे रक्तावर नसते. पहिल्या दोन-तीन वर्षांत बाळाच्या आतड्यात उपयुक्त जंतूंची वस्ती बसते आणि आपले कोण, परके कोण हे प्रतिकारशक्ती तिच्याकडून शिकते. अँटिबायोटिक त्या वस्तीत नांगर फिरवते. डेन्मार्कमध्ये १९९५ ते २००३ या काळात जन्मलेल्या पावणेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत हा आजार जास्त दिसला, विशेषतः क्रोन्स. आता, आजाराची सुरुवात झाली म्हणूनच काही मुलांना औषध दिले गेले असेल, अशी शंका रास्त आहे. त्यामुळे औषधानेच आजार झाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण जे औषध मुळात नकोच होते, ते टाळण्यासाठी आणखी कोणता पुरावा हवा?

न्यूमोनिया, टायफॉइड, रक्ताची आव यांत मात्र अँटिबायोटिक हवेच, आणि सांगितले तितके दिवस पूर्ण द्यायचे. हा लेख वाचून कोणी चालू औषध बंद केले तर मला वाईट वाटेल.

दुसरी गोष्ट अंगावरच्या दुधाची. पहिला चीक फेकू नका, सहा महिने दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. अंगावर पिणाऱ्या मुलांत हा आजार कमी आढळतो, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. पुढे वरण-भात, भाकरी, भाजी, ताक. कुरकुऱ्यांची पाकिटे आणि रंगीत पेये रोजची होऊ देऊ नका. अंगणातल्या मातीत मूल खेळले तर ओरडू नका, जेवणापूर्वी हात धुवा म्हणजे झाले.

एवढे करूनही आजार होणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून मुलाच्या शौचात पुन्हा पुन्हा रक्त दिसले, जुलाब दोन आठवड्यांवर गेले किंवा वजन वाढेनासे झाले, तर मूळव्याध समजून घरीच उपाय करत बसू नका. तपासणी करून घ्या. आपल्याकडे आतड्याचा क्षयही हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. दोघांची औषधे अगदी वेगळी.

आजी त्या दिवशी नाक मुरडतच पाकिटे घेऊन गेल्या. चौथ्या दिवशी पोरगा ठणठणीत. भाताच्या पेजेने गुण आला, असे त्या गल्लीभर सांगतात. माझी काही हरकत नाही.