दिन कोणते पाळावेत?

ऑगस्टचा पहिला रविवार जवळ आला की मंचर, नारायणगाव, जुन्नर येथील दुकानांत मैत्री दिनाच्या रंगीत फिती टांगल्या जातात. फेब्रुवारीत तर गुलाबाचा दिवस, चॉकलेटचा दिवस, प्रेमाचा दिवस अशी रांगच लागते. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत नसलेल्या या दिवसांविषयी आमच्या चळवळीतील ज्येष्ठ कार्यकर्ते नाक मुरडतात. संस्कृतिरक्षणाचा मक्ता घेतलेल्या काही संघटना तर १४ फेब्रुवारीला तरुण जोडप्यांच्या अंगावर धावून जातात. आम्हांला या दोन्ही भूमिका मान्य नाहीत. जातीच्या भिंती ओलांडून मुलेमुली मोकळेपणाने बोलू लागली, तर समाजवाद्यांनी त्यात दुःख मानण्याचे कारण नाही. दुःख आहे ते एवढेच, की मैत्रीसारखी भावनाही बाजाराने आपल्या गल्ल्यात ओढली आहे.

एखादा दिवस सरकारमान्य नाही म्हणून तो क्षुद्र ठरत नाही. मे दिन कोणत्याही सरकारने बहाल केलेला नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये जमलेल्या समाजवाद्यांनी तो ठरवला आणि भारतात १९२३ साली मद्रासला सिंगारवेलू यांनी तो प्रथम साजरा केला. महिला दिनाची कल्पना क्लारा झेटकिन यांनी १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत मांडली. त्यावर संयुक्त राष्ट्रसंघाच्या मान्यतेची मोहोर उमटायला १९७७ साल उजाडावे लागले. तेव्हा कसोटी राजमुद्रेची नव्हे. हा दिवस कोणाच्या श्रमाची वा बलिदानाची आठवण देतो, आणि दुसऱ्या दिवशीसाठी कोणते काम सोपवून जातो, हे दोन प्रश्न विचारावेत. त्यांना उत्तर देईल तो दिवस आपला.

या कसोटीवर जुन्नर-आंबेगावच्या कार्यकर्त्यांनी तीन दिवस तरी निष्ठेने पाळावेत, असे आम्हांला वाटते.

पहिला १२ डिसेंबर. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होते. १९३० साली याच दिवशी काळबादेवीत विदेशी कापड वाहून नेणाऱ्या मोटारीसमोर ते आडवे पडले आणि चाकाखाली चिरडले गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. काही मंडळी हा दिवस स्वदेशी दिन म्हणून पाळतात. परंतु हा हुतात्मा शेतकऱ्याच्या घरातून आलेला कामगार होता, हे सांगायचे विसरतात. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव दिले आहे. त्याच पाण्याखाली आदिवासींची गावे आणि भातखाचरे गेली, पाणी मात्र खालच्या बागायतीला मिळाले. धरणग्रस्तांचा प्रश्न न उच्चारता बाबू गेनूंना हार घालणे म्हणजे त्यांचे नाव वापरून त्यांचा वारसा नाकारणे होय.

दुसरा ३० जुलै. संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ साली हाच दिवस आंतरराष्ट्रीय मैत्री दिन म्हणून जाहीर केला. तीन वर्षांनी, २०१४ साली, नेमक्या याच तारखेच्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. पुढे २०२१ साली तळिये आणि २०२३ साली इर्शाळवाडी. दरडीच्या छायेत जगणाऱ्या वाड्यांची आठवण सरकारला पावसाळ्यातच, आणि तीही अनर्थ घडल्यावर होते. म्हणून या दिवशी श्रद्धांजलीबरोबरच प्रत्येक शाखेने आपल्या भागातील धोक्याच्या वाड्यांना भेट द्यावी, डोंगरउतारावरील भेगा पाहाव्यात आणि गावकऱ्यांच्या सह्यांचे निवेदन तहसीलदारांपुढे ठेवावे. मैत्री दिनाला याहून चांगला अर्थ कोणता असू शकेल?

तिसरा ९ ऑगस्ट. १९४२च्या क्रांतीचा हा दिवस १९९४पासून जागतिक आदिवासी दिनही झाला आहे. पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर व कातकरी बांधव तो उत्साहाने पाळतात. परंतु मिरवणूक संपल्यावर २००६च्या वनाधिकार कायद्याखालील प्रलंबित दाव्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे अतोनात नुकसान झाले, तेव्हा भरपाईसाठीही आदिवासींना झगडावे लागले. ढोल वाजलाच पाहिजे. पण ढोलाबरोबर दाव्यांची यादीही वाचली गेली पाहिजे.

आमच्या चळवळीलाही या निमित्ताने दोन शब्द ऐकवणे प्राप्त आहे. फलक, हार, भाषण आणि चहा या क्रमाने आपण कित्येक दिन उरकत आलो आहोत. असा उरकलेला हुतात्मा दिन आणि दुकानातून विकत आणलेला मैत्री दिन यांत फारसे अंतर नाही. तरुणांच्या मनगटावरील फीत पाहून हसण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी त्यांना माळीणच्या स्मृतिस्तंभापाशी घेऊन जावे. ती फीत तशीच असू द्यावी. हात मात्र आपल्या हातात घ्यावा.